दिवा लागला की मराठी

गेल्या रविवारी आमच्या भाचीनं नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या घरी सोफ्यावर मांडी घालून, एका हातानं खारे शेंगदाणे खात, दुसऱ्या हातानं तिच्या एडिटरमधल्या चार कळा बदलल्या. ओळ वर सरकवायची कळ तिला लांब पडत होती, ती जवळ आणली. एक कळ चुकून दाबली जायची, ती काढूनच टाकली. सगळा मामला दोन मिनिटांचा. "झालं?" मी विचारलं. "त्यात काय व्हायचंय, मामा?" असं म्हणून तिनं शेंगदाण्याची सालं फुंकली, तीही कीबोर्डवरच.

त्यात काय व्हायचंय! कळ बदलता येते, एवढं कळायलाच आमच्या पिढीला पंधरा वर्षं लागली. आमच्या लेखी कळ म्हणजे पंचवटी एक्स्प्रेस. ती तिच्या वेळेला सुटणार. लवकर उठायचं ते आपण. यंत्राला जे हवं ते बोटांनी शिकायचं आणि बोटांना जे हवं ते मनात ठेवायचं. हे शिकायला पुस्तक क्वचित असे, माणूस असे. म्हणून आमच्यातल्या कुणालाही एखादा शॉर्टकट विचारा. तो आधी कळ सांगणार नाही. आधी सांगेल, "हे मला अमक्यानं दाखवलं."

माझा पहिला अमका म्हणजे टायपिंगचे सर. दहावीचा शेवटचा पेपर आणि निकाल यांच्या मधल्या काळात टायपिंगला जायचं, हा त्या वेळी गावाचा अलिखित कायदा होता. मुलांनी जायचं नोकरीसाठी. मुलींनी जायचं नोकरीसाठी आणि स्थळासाठी. रविवार कारंज्याजवळच्या एका वाड्याच्या माडीवर क्लास होता. जिना इतका उभा आणि अंधारा की कितवी पायरी मोडकी आहे हे पायांनाच पाठ झालेलं. वरून पंधरा-वीस यंत्रांचा ताशा रस्त्यावर ऐकू यायचा. काही रेमिंग्टन, काही गोदरेज. भारतात बनलेला पहिला टाइपरायटर गोदरेजनं १९५५ साली काढला. आमच्या वाट्याचं यंत्र बहुधा त्याच वर्षीचं असावं असा आमचा संशय होता. सर पाठीमागून येत, हातांवर पुठ्ठा धरत आणि म्हणत, "डोळे कागदावर. बोटांना डोळे फुटू द्या." बोटांना डोळे फुटायला महिना लागे. तोवर पट्टी असे.

मराठीची यंत्रं मोजकी. त्यांच्यासाठी नंबर लागायचा, आणि नंबर लागल्यावर खरी गंमत सुरू व्हायची. त्या यंत्राला भाषा कळत नव्हती, फक्त आकार कळायचे. काही अक्षरं लिहायची तर आधी अर्धं अक्षर, मग त्याला काना जोडून ते पुरं करायचं. 'कि' लिहायचा तर आधी वेलांटी आणि मग क, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. तोंडानं आपण क आधी म्हणतो, हातानं वेलांटी आधी मारतो. तीस शब्दांची परीक्षा, मग चाळीस शब्दांची. शासनाचं प्रमाणपत्र, लाकडी चौकटीत भिंतीवर. तास संपला की यंत्रावर रेक्झिनची टोपी चढवायची, उलटीपालटी करून वापरलेल्या फितीनं काळी झालेली बोटं खाली नळावर धुवायची आणि घरी गेल्यावर बोटांच्या टोकांचा वास घ्यायचा. तो वास शाईचा होता की लोखंडाचा, हे मला आजही सांगता येत नाही.

आता खरं सांगायचं तर ते वाईट होतं. मे महिन्यात माडीवर पत्र्याखाली भाजून निघायचो. करंगळी रात्री ठणकायची. शेवटच्या ओळीत चूक झाली की अख्खं पान परत. एवढं करून ज्या कारकुनीसाठी चाललं होतं ती आमच्या बॅचमधल्या दोघांना मिळाली, बाकीच्यांना नाही. आज आमच्या भाचीचा धाकटा भाऊ फोनपुढे तोंड नेऊन बोलतो आणि मराठी आपोआप उमटतं. मिनिटाला चाळीस शब्द त्याला नाश्त्यालाही पुरत नाहीत. महाराष्ट्रातल्या टाइपरायटरवरच्या सरकारी परीक्षाही २०१७ साली बंद झाल्या आणि त्यांची जागा संगणक टंकलेखनाच्या अभ्यासक्रमानं घेतली. जिना उतरून गेलेली ती यंत्रं किलोच्या भावानं गेली. माझं म्हणाल तर, जायलाच हवी होती. फक्त त्या पुठ्ठ्याखालच्या अंधारात बोटांना वाट सापडायची तो क्षण कुठल्याच अभ्यासक्रमात राहिला नाही.

दुसरा माणूस भेटला तो १९८९-९० साली, संगणकाच्या क्लासात. तिथं आत जाण्याआधी चपला बाहेर काढायच्या. देवळात भक्तीनं काढतो, इथं धुळीच्या धाकानं. आत वातानुकूल यंत्र, त्यामुळे गावातल्या एरवी स्वेटर न घालणाऱ्या मुलांनीही मे महिन्यात स्वेटर घातलेले मी पाहिलेत. मॉनिटरला फुलाफुलांच्या कापडाची टोपी, कीबोर्डला वेगळी टोपी. आणि दारावर पाटी: 'परवानगीशिवाय हात लावू नये.' हात लावू नये अशा यंत्रावर हात कसा चालवावा हे शिकायला आम्ही तीन महिन्यांची फी भरली होती. एका यंत्रावर दोघं. एक कळा दाबणार, दुसरा बघणार. अर्ध्या तासानं अदलाबदल. शिकलो ते बहुतेक बघणाऱ्याच्या पाळीत.

तिथं होता वर्डस्टार. १९७८ सालचा हा प्रोग्राम आमच्यापर्यंत दहा-बारा वर्षांनी पोचला, तरी आम्हाला तो नवाकोराच. त्यात माऊस नव्हता. बाण असलेल्या कळांवरही त्याचा भरवसा नव्हता, कारण तो लिहिला गेला तेव्हा पुष्कळ कीबोर्डांवर बाणच नसत. म्हणून कंट्रोल दाबून ई म्हणजे वर, एक्स म्हणजे खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. कीबोर्डवर पाहा, चार अक्षरांचा शंकरपाळा होतो. मग ती के-ची मंडळी: कंट्रोल-के-बी म्हणजे मजकुराचा ठोकळा इथून सुरू, के-के म्हणजे इथं संपला, के-सी म्हणजे त्याची नक्कल, के-व्ही म्हणजे तो उचलून इकडे आण, के-वाय म्हणजे गेला. आणि कंट्रोल-वाय म्हणजे अख्खी ओळ पुसली, विचारपूस न करता. ज्या काळी कंट्रोलची कळ ए-च्या शेजारी असे त्या काळासाठी ही सगळी मांडणी होती. आमच्या कीबोर्डांवर कंट्रोल खाली कोपऱ्यात गेलेला. मांडणी मात्र तीच. म्हणजे करंगळी पुन्हा ठणकणार.

हे सगळं आम्हाला एका फुलस्केप कागदावरून मिळालं. क्लासातल्या एका मुलानं तो त्याच्या पुण्याच्या मावसभावाच्या कागदावरून हातानं उतरवला होता. आम्ही त्याच्यावरून उतरवला. मधे कुठंतरी कुणीतरी एक ओळ चुकवली होती, आणि ती चूक आमच्या सगळ्या वर्गानं इमानानं पाठ केली. कागदाच्या चार घड्या पडल्या, घड्यांवरची अक्षरं पुसली, त्यांवर सेलोटेप आली. पण त्या कागदावरच्या दर ओळीला एक चेहरा होता. के-व्ही म्हणजे तो सिन्नरहून एसटीनं येणारा मुलगा. के-सी म्हणजे त्याची बहीण, ती त्याच्याहून हुशार होती आणि हे दोघांनाही माहीत होतं.

इथं मला थांबायला हवं, कारण डोळ्यांत पाणी आणायची ही जुनी युक्ती आहे. सगळ्या ओळींना चेहरे होते हे खरं. काही चेहरे कंजूष होते हेही खरं. पुढे मी प्रेसमध्ये लागलो तेव्हा तिथला मुख्य ऑपरेटर अवघड कळा दाबताना अंगानं कीबोर्ड झाकून घ्यायचा. त्याचा कागद खणात, खण कुलपात, किल्ली जानव्याला. चार महिने मी एकेक ओळ खाली ढकलत एंटर मारत होतो. तेच काम एका कळीत होतं हे त्याला माहीत होतं आणि मी एंटर मारताना तो चहा पीत बघत होता. ज्ञान हातोहात मिळायचं असं आपण म्हणतो तेव्हा किती हातांनी ते मुठीत धरलं होतं, तेही मोजावं.

आज भाचीला कुणाच्या खणाची किल्ली लागत नाही. ती व्हीएस कोड नावाचा एडिटर वापरते, २०१५ साली आलेला. त्यात कंट्रोल-शिफ्ट-पी दाबलं की एक पट्टी उघडते. काय करायचंय ते इंग्रजीत चार अक्षरांत लिहायचं, की ते काम समोर येतं आणि शेजारी त्याची कळही लिहिलेली असते. विचारा, सांगतो. पुन्हा विचारा, पुन्हा सांगतो. चहा पीत बघत बसत नाही. आणि कळ बदलायची असेल तर कंट्रोल-के, पाठोपाठ कंट्रोल-एस. सगळ्या कळांची यादी उघडते. हव्या त्या ओळीवरची पेन्सिल दाबायची, आपल्या आवडीची कळ वाजवायची, एंटर. ती कळ आधीच दुसऱ्या कुणाला दिलेली असेल तर तेही तो सांगतो. एवढी सभ्यता आमच्या मुख्य ऑपरेटरमध्ये असती तर मी आज कदाचित प्रेसमध्येच असतो.

पण कंट्रोल-के-एस! भाचीनं ते दाबलं तेव्हा मी सोफ्यावरून उठलोच. वर्डस्टारमध्ये कंट्रोल-के-एस म्हणजे फाईल जपून ठेव आणि काम चालू दे. ज्या दोन कळांनी आम्ही जे आहे ते सांभाळायचो, त्याच दोन कळांनी ही मुलगी जे आहे ते बदलायची यादी उघडते. योगायोग असेल. मी तिला सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "मामा, तू आधी बस."

नव्यानं शिकणाऱ्यांना एक गोष्ट मात्र अधिकारानं सांगतो, कारण भाचीनं ती केली नव्हती आणि पहिल्या महिन्यात तिचा पार गोंधळ उडाला होता. कळा बदलता येतात म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्या बदलू नयेत. आधी आठवडाभर नुसतं काम करावं आणि आपला हात वारंवार कुठं अडतो, माऊसकडे कशासाठी जातो, ते पाहावं. तीन कामं सापडतील, फार तर चार. तेवढ्यांनाच कळा द्याव्यात. कॉपी, पेस्ट, सेव्ह यांना कधी हात लावू नये. उद्या दुसऱ्याच्या यंत्रावर बसायची वेळ आली तर आपण आपल्याच सवयींचे परके व्हायला नको. आणि नोटपॅड प्लस प्लस वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये शॉर्टकट मॅपर नावाची हीच सोय आहे. तिथंही हाच सल्ला. हे मी फुकट सांगतोय. आमच्या काळी याला तीन महिन्यांची फी पडली असती.

प्रेसमधले दिवस मात्र मला मोलाचे वाटतात, आणि ते का, हे सांगताना मी जरा लबाडी करणार आहे हे आधीच कबूल करतो. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८पासून नोटा छापल्या जातात. आमच्या गल्लीतल्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका छापल्या जात. दोन्हींत चूक चालत नाही, एवढंच साम्य. १९९१-९२च्या सिंहस्थाची पत्रकं, लग्नसराईत पत्रिका, निवडणुकीत मतदारांच्या चिठ्ठ्या. खिळे जुळवणारे कंपोझिटर नुकतेच घरी बसले होते आणि त्यांच्या जागी आम्ही, टीव्हीएस गोल्डचे कीबोर्ड बडवणारे. त्या कीबोर्डची कळ खाली जाताना टक्क वाजायची. रात्री अकराला शटर अर्धं ओढून काम चाले तेव्हा बाहेरून जाणाऱ्याला कळायचं, की आत कुणाचं तरी लग्न ठरतंय.

आणि तो दिवा. कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात स्क्रोल लॉक नावाची एक कळ असते. १९८१च्या आयबीएम पीसीपासून ती तिथं आहे, आणि जगातल्या बहुतेकांनी ती जन्मात दाबलेली नाही. आम्ही दिवसातून पाचशेदा दाबायचो. आमच्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी-मराठी अदलाबदल त्या कळीवर होती. दाबली की कोपऱ्यातला हिरवा दिवा लागे. दिवा लागला की मराठी, विझला की इंग्रजी. प्रेसमध्ये नव्या पोराला पहिला धडा हाच: आधी दिवा बघ, मग हात टाक. दिवा न बघता टाकलेल्या हातांनी एकदा एका वधूपित्याचं नाव इंग्रजी अक्षरांच्या भाजीत लिहिलं होतं. ते प्रूफात सापडलं म्हणून बरं.

जी अक्षरं कळांवर बसली नव्हती त्यांच्यासाठी ऑल्ट होता. ऑल्ट दाबून धरायचा आणि उजवीकडच्या आकड्यांवर चार आकडे मारायचे, की एक अक्षर. त्यांचा तक्ता भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी. आणि लग्नपत्रिकेचा धंदा म्हटल्यावर 'वऱ्हाडी मंडळी' येणारच, म्हणजे तो चंद्रकोरीसारखा अर्धा र लागणारच. आमच्या फॉन्टमध्ये तो साध्या कळीनं येत नसे. त्याचे चार आकडे मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त पाठ होते. हा र नसेल तर आचाऱ्यांना दिलेला शिधा आचार्यांना जातो, आणि लग्नात ते परवडत नाही.

दर पत्रिकेची सुरुवात ठरलेली. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे शब्द मी किती हजार वेळा लिहिले असतील याचा हिशेब नाही. मग एका सहकाऱ्यानं दाखवलं, की मजकुराचा सांगाडा वेगळ्या फाईलमध्ये ठेव, नावांच्या जागी फुल्या मार आणि फुल्या शोधून भरत जा. हा आमचा कळा बदलण्याचा, सोय करून घेण्याचा पहिला प्रयत्न. फुल्या भरताना एखादी राहून जायची. एका पत्रिकेत वराचे काका म्हणून 'श्री. फुली' गेले होते, अगदी छापून.

याला आज स्निपेट म्हणतात. एक आखूड खूण लिहायची, टॅब दाबायचा, की अख्खा मजकूर उलगडतो आणि कर्सर पहिल्या रिकाम्या जागी जाऊन थांबतो. भरलं की टॅब, पुढची जागा. फुली राहायची सोयच नाही. भाचीनं माझ्यासाठी गंमत म्हणून एक करून दिलंय: 'लप' लिहून टॅब दाबला की लग्नपत्रिका. सगळं इतकं नीट, की माझे ते सगळे हजार 'श्रीकृपेकरून' एकदम फुकट गेल्यासारखे वाटले. युनिकोड आल्यापासून तो अर्धा र-सुद्धा साधा झालाय. इन्स्क्रिप्ट मांडणीत शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, पुढे ह. आकडे नाहीत, तक्ता नाही. ही मांडणी १९९१ सालीच भारतीय मानकात आली होती. आमचं तोंड आणि हात त्यात पहिल्यांदा एका क्रमानं चालायला लागले: क आधी, वेलांटी नंतर. शहाण्यानं तेव्हाच शिकून घ्यायला हवं होतं. आम्ही नाही शिकलो, कारण वेलांटी आधी मारायची सवय मोडायला आणखी एक महिना लागला असता, आणि पट्टी धरणारे सर आता नव्हते. त्या काळच्या आमच्या फायली आज उघडल्या तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मराठी आम्ही फायलीत लिहिलंच नव्हतं; फक्त मराठीसारखं दिसणारं काहीतरी लिहिलं होतं.

वीज हा एक वेगळाच गुरू. २००५च्या पुढची काही वर्षं आठवा. भारनियमनाचं वेळापत्रक वर्तमानपत्रात यायचं आणि वीज ते न वाचता जायची. दर वाक्याला सेव्ह करायची सवय तेव्हा अशी लागली, की बोटं पूर्णविराम देऊन तशीच कंट्रोल-एसवर जायची. काळारामाच्या गावात रामनामाखालोखाल तेच. युपीएसची शिट्टी सुरू झाली की सगळे एकदम दाबायचे. टक्क. मग अंधार, मग कुणीतरी म्हणायचं, "चला, चहा." तो चहा ही त्या काळाची खरी कमाई होती. अंधारात बसून अर्धा तास नुसत्या गप्पा. आज एडिटर स्वतःच जपून ठेवतो. वीज जात नाही, गेली तरी लॅपटॉपला कळत नाही. मी अजूनही दर वाक्याला कंट्रोल-एस मारतो. भाची म्हणते, "मामा, ते सेव्ह होतंच." मी म्हणतो, मला माहीत आहे. आणि मारतो. चहाला मात्र कुणी उठत नाही.

अलीकडे भाचीनं विम नावाचा एडिटर शिकायला घेतला. त्याच्या मुळाशी १९७६ सालचा व्हीआय आहे, बिल जॉय या अमेरिकन विद्यार्थ्यानं लिहिलेला. त्यात बाणांऐवजी एच, जे, के, एल या कळांनी फिरायचं. कारण काय, तर बिल जॉयच्या वापरातल्या यंत्रावर बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते. एका माणसाच्या टेबलावर योगायोगानं जे यंत्र होतं, त्याची सवय पन्नास वर्षांनी नाशिकच्या सोफ्यावर पोचली! कट-कॉपी-पेस्ट रुजवणारे लॅरी टेस्लर २०२० साली गेले तेव्हाही मला हेच वाटलं होतं. म्हणजे माणूस शॉर्टकटमागून गेलेला नाही. फक्त तो आता सिन्नरहून एसटीनं येत नाही.

तर या विमात एक मराठी अडचण आहे. कीबोर्ड मराठीवर असताना फिरायला जावं तर जे-च्या जागी र उमटतो आणि विम हटून बसतो, त्याला र म्हणजे काय ते कळत नाही. भाचीनं कीबोर्ड पाहिला आणि खिदळायला लागली. इन्स्क्रिप्टमध्ये एच-जे-के-एल या कळांवर ओळीनं प, र, क, त. "मामा, परकत!" मग तिनं विमला एका सेटिंगनं शिकवलं: हुकूम घेताना र आला तर तो जे समज, क आला तर के. आता ती मराठीत लिहिते आणि कीबोर्ड न बदलता पर-कत करत ओळींतून फिरते. आम्ही दिव्याकडे बघून हात टाकायचो. हिनं दिव्याची गरजच ठेवली नाही. माझ्या नव्या लॅपटॉपवर तर स्क्रोल लॉक ही कळच नाही. विंडोज आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते आणि पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं येतात. मी अजूनही उजव्या कोपऱ्यात हिरवं काही दिसतंय का ते पाहतो.

खंडेनवमीला प्रेसमध्ये कीबोर्डांची पूजा व्हायची. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. पुढे दिवाळीपर्यंत कळांच्या फटींतून पाकळ्या निघायच्या, आणि एका यंत्राच्या एंटरखाली कुंकू असं बसलं होतं, की ते दाबताना करकरायचं. शास्त्रशुद्ध दृष्टीनं पाहिलं तर हा यंत्राचा छळच. माझा जुना टीव्हीएस गोल्ड माळ्यावर आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तो खाली काढतो, पुसतो, फूल ठेवतो. भाचीच्या लॅपटॉपला फूल ठेवलं तर झाकण बंद होत नाही.

मुद्दा राहिला तो कंट्रोल-वायचा. माझ्या बोटांसाठी कंट्रोल-वाय म्हणजे ओळ पुसणे. पस्तीस वर्षं तेच. आताच्या जगात त्याचा अर्थ आहे, मागे घेतलेलं पुन्हा पुढे आण. मी रोज चिडायचो. शेवटी भाचीनं माझ्या यंत्रावरच्या कळांच्या यादीत बदल केला: कंट्रोल-वाय, ओळ पूस. आयुष्यात पहिल्यांदा यंत्र माझ्याकडे आलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी आनंद झाला. पुढच्या गाडीला कुणी तरी आपल्यासाठी थांबवून ठेवावं तसं काहीसं अवघडल्यासारखं झालं.

मग गेल्या आठवड्यात ती माझ्या यंत्रावर काम करायला बसली. दहा-बारा पावलं मागे गेली, आणि परत पुढे येण्यासाठी सवयीनं कंट्रोल-वाय दाबलं. ओळ पुसली गेली. एवढ्यावर भागलं नाही. मागे गेल्यावर नवा बदल केला की पुढचा रस्ता पुसला जातो, म्हणून ती दहा-बारा पावलंही गेली. दीड तासाचं काम. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. आमचा मुख्य ऑपरेटर आठवला आणि मी चहा ठेवायला आत गेलो.

परत आलो तेव्हा ती यादीची फाईल उघडून बसली होती. वाटलं, आता माझी ओळ जाणार. ती गेली नव्हती. तिच्या वरच्या ओळीत दोन तिरक्या रेघा देऊन तिनं मराठीत टिपण लिहिलं होतं: 'मामाचं आहे. परवानगीशिवाय हात लावू नये.'